वंश, ओळख आणि हिंसेच्या कथा वाचताना विद्यार्थी काय लिहितात?

अमेरिकेतील शाळा-कॉलेजांत साहित्य शिकणाऱ्यांना एक छोटे काम वारंवार करावे लागते. नेमलेली कथा घरी वाचायची आणि वर्गात येण्याआधी पान-दीड पान लिहून आणायचे. वाचताना काय वाटले, कुठे अडखळायला झाले, कोणाचा राग आला, काय पटले नाही, एवढेच. याला तिकडे 'रिस्पॉन्स पेपर' म्हणतात; मराठीत 'प्रतिसाद-टिपण' म्हणता येईल. ही समीक्षा नव्हे आणि कथेचा सारांशही नव्हे. यात बरोबर-चूक उत्तर नसते, पण उडवाउडवीही चालत नाही. जे लिहिले ते कथेतल्या कोणत्या जागेमुळे लिहिले, हे दाखवावे लागते.

कथा प्रेमाची किंवा प्रवासाची असली तर हे टिपण सहज होते. पण कथेत गोरे-काळे, मारहाण, जमावाने घेतलेला जीव असे काही आले की लिहिणाऱ्याचे स्वतःचे घर, त्याची वस्ती आणि त्याची भीती त्या दीड पानात उतरते. म्हणून अशा कथांना विद्यार्थी कसा प्रतिसाद देतात, हा गेल्या शतकभरात शिक्षणातला आणि कधी कधी न्यायालयातलाही विषय झाला आहे.

मॉरिसन यांची कथा: खुणा आहेत, उत्तर नाही

या विषयावर बोलताना एक कथा हमखास पुढे येते. टोनी मॉरिसन यांची 'रेसिटाटिफ'. ती १९८३ मध्ये अमिरी बराका आणि अमिना बराका यांनी संपादित केलेल्या संग्रहात प्रथम आली. कादंबरीकार म्हणून नोबेल मिळवणाऱ्या मॉरिसन यांनी प्रसिद्ध केलेली ही एकमेव लघुकथा. ऑपेरामध्ये गाणे आणि बोलणे यांच्या मधल्या, बोलल्यासारख्या गायल्या जाणाऱ्या भागाला जे नाव आहे, तेच कथेचे नाव.

ट्वायला आणि रॉबर्टा या आठ वर्षांच्या दोन मुली. एका आश्रमशाळेत चार महिने एकाच खोलीत राहतात. दोघी अनाथ नाहीत. ट्वायलाची आई रात्रभर नाचते आणि रॉबर्टाची आजारी असते, म्हणून त्या तिथे आलेल्या. एक मुलगी गोरी आणि एक काळी, हे कथा स्पष्ट सांगते. इतर मुले त्यांना मीठ आणि मिरी म्हणतात. पण कोण मीठ आणि कोण मिरी, हे शेवटपर्यंत कळत नाही. कथा ट्वायला सांगते आणि तिला ते सांगायची गरजच वाटत नाही, कारण तिच्या दृष्टीने ते उघड आहे.

यातली मेख अशी की कथेत खुणा भरपूर आहेत. रॉबर्टाच्या आईच्या गळ्यात मोठा क्रॉस आणि हातात बायबल आहे, आणि ती ट्वायलाच्या आईशी हस्तांदोलन करत नाही. ती मुलीसाठी कोंबडीच्या तंगड्या, सँडविच, संत्री असे भरपूर खाणे घेऊन येते. ट्वायलाच्या आईने काहीच आणलेले नसते. पुढे ट्वायला एका रेस्टॉरंटमध्ये वेट्रेस असताना रॉबर्टा दोन मित्रांसह जिमी हेंड्रिक्सच्या भेटीला निघालेली भेटते आणि तिला धड ओळखही देत नाही. आणखी काही वर्षांनी रॉबर्टा श्रीमंत विधुराशी लग्न करून बंगल्यात राहते आणि ट्वायला अग्निशमन दलातल्या जवानाची बायको असते. यातली प्रत्येक खूण एका बाजूला झुकवता येते आणि तितक्याच सहजपणे दुसऱ्या बाजूलाही. हेंड्रिक्स काळा, म्हणून त्याची चाहती काळी असणार, असा तर्क एक विद्यार्थी करतो. हेंड्रिक्सच्या श्रोत्यांत गोरी तरुण मुलेच जास्त असत, असे दुसरा सांगतो. हस्तांदोलन नाकारणे हा गोऱ्या बाईचा माज, की धार्मिक बाईला नाचणाऱ्या बाईची वाटलेली शिसारी?

मॉरिसन यांनी १९९२ च्या 'प्लेइंग इन द डार्क' या पुस्तकात या कथेमागचा हेतू सांगितला आहे. ज्यांच्यासाठी वंश ही जीवनमरणाची बाब आहे अशा दोन पात्रांच्या गोष्टीतून वंश सांगणारे सगळे संकेत काढून टाकायचे, असा तो प्रयोग होता.

समजा, एका विद्यार्थिनीच्या टिपणात पहिल्या परिच्छेदातच 'रॉबर्टा काळी आहे' असे ठाम वाक्य आहे आणि खाली तीन पुरावे आहेत. वर्गात दुसरे कोणी नेमके उलटे वाचून आलेले असते. मग शिक्षक विचारतात की हे पुरावे कथेत होते की वाचणाऱ्याच्या डोक्यात? 'अशा घरची बाई अशी वागते' हे तिला कोणी शिकवले? इथे चर्चेचा विषय बदलतो. कथेतल्या मुलींऐवजी आता विद्यार्थिनीची स्वतःची गृहीतके समोर येतात, आणि तिने ती स्वतःच्या हाताने लिहून आणलेली असतात. म्हणून हे टिपण चर्चेआधी लिहून घेतात. नंतर लिहायला सांगितले तर बहुतेक जण सावध होतात.

हे फक्त कोवळ्या वयातल्या वाचकांचे होते असे नाही. समीक्षक एलिझाबेथ एबेल यांनी १९९३ मध्ये 'क्रिटिकल इन्क्वायरी' या नियतकालिकात याच कथेवर निबंध लिहिला. एबेल गोऱ्या; त्यांना ट्वायला गोरी वाटली होती. एका कृष्णवर्णीय स्त्रीवादी समीक्षक मैत्रिणीला ती तितक्याच खात्रीने काळी वाटली. दोघी व्यवसायाने वाचक, दोघींनी एकच मजकूर वाचलेला, आणि दोघींनी निवेदक मुलीला आपल्या बाजूला ओढून घेतलेले. एबेल यांनी ही चूक लपवली नाही, तिच्यावरच निबंध उभा केला. विद्यार्थ्याकडून या लेखनप्रकारात जे अपेक्षित असते, त्याचा हा बहुधा सर्वात प्रामाणिक नमुना आहे.

मॅगीचे काय झाले?

मुलींचा वंश ओळखण्याच्या नादात विद्यार्थी एक गोष्ट विसरतात, आणि ती विसरली जावी अशीच कथेची रचना आहे. आश्रमशाळेच्या स्वयंपाकघरात मॅगी नावाची बाई काम करते. तिला बोलता येत नाही, पाय वाकडे आहेत, कदाचित ऐकूही येत नाही. एकदा ती बागेत पडते आणि मोठ्या मुली तिला हसतात, एवढे ट्वायलाला आठवते. अनेक वर्षांनी रॉबर्टा म्हणते की ती पडली नव्हती, तिला पाडले होते. त्यानंतरच्या भेटीत, शाळांमधील वंशभेद मोडण्यासाठी मुलांना बसने दूरच्या शाळेत नेण्यावरून गावात वाद पेटलेला असताना, दोघी विरुद्ध बाजूंचे फलक घेऊन उभ्या असतात. तिथे रॉबर्टा आरोप करते की मॅगी काळी होती आणि खाली पडलेल्या तिला लाथ मारणाऱ्यांत ट्वायलाही होती.

ट्वायला हादरते ती लाथेच्या आरोपाने, आणि त्याहून जास्त 'मॅगी काळी होती' या विधानाने. तिला ते आठवतच नाही. शेवटच्या भेटीत रॉबर्टा कबूल करते की आपण दोघींनी लाथ मारली नाही, फक्त बघत राहिलो. पण मारावीशी वाटली होती. ट्वायलाच्याही लक्षात आलेले असते की त्या मुक्या बाईत तिला स्वतःची आई दिसत होती, हाक मारली तरी न ऐकणारी. कथा मॅगीचे काय झाले या प्रश्नावर संपते. उत्तर कोणाकडेच नसते.

चांगले टिपण बहुतेक वेळा दुसऱ्या वाचनानंतरचे असते आणि ते मॅगीबद्दल असते. ज्या विद्यार्थ्याने पहिल्या वेळी दीड पानात मॅगीचे नावही घेतले नव्हते, त्याला ते दाखवून द्यावे लागत नाही. त्याचे त्यालाच दिसते.

प्रतिसाद लिहून घेण्याची पद्धत कुठून आली?

विद्यार्थ्यांच्या कच्च्या प्रतिक्रिया गोळा करण्याचे प्रसिद्ध काम केंब्रिजमध्ये आय. ए. रिचर्ड्स यांनी केले. कवीचे नाव आणि काळ न सांगता त्यांनी विद्यार्थ्यांना कविता दिल्या आणि मनात येईल ते लिहायला सांगितले. १९२९ च्या 'प्रॅक्टिकल क्रिटिसिझम' या पुस्तकात तेरा कवितांवरच्या या टिपणांचे विश्लेषण आहे. रिचर्ड्स यांचा भर विद्यार्थी कुठे चुकतात यावर होता. ठरावीक साच्यातली भावना, भलत्याच आठवणी, आधीच पक्की झालेली मते यांना त्यांनी वाचनातले अडथळे मानले.

लुईज रोझेनब्लाट यांनी याच अडथळ्यांना सुरुवातीची जागा दिली. कोलंबियात फ्रान्झ बोआस यांच्याकडे मानववंशशास्त्राचा अभ्यास केलेल्या या शिक्षिकेचे 'लिटरेचर ॲज एक्सप्लोरेशन' १९३८ मध्ये आले. त्यांच्या मते कागदावरचा मजकूर म्हणजे कलाकृती नव्हे. मजकूर आणि वाचक यांच्या देवघेवीतून ती त्या त्या वेळी घडते. पुढे १९७८ मध्ये त्यांनी वाचनाचे दोन कल सांगितले. मुलाने विष पोटात घेतल्यावर आई बाटलीवरचे लेबल वाचते, तेव्हा तिला फक्त उपाय हवा असतो. कविता वाचताना मात्र वाचत असताना जे घडते तेच महत्त्वाचे. वंशभेदाच्या कथा अनेक वर्गांत पहिल्या प्रकाराने वाचल्या जातात, म्हणजे त्यातून इतिहासाची माहिती काढून बाकीचे सोडून दिले जाते.

रोझेनब्लाट यांचा एक आग्रह त्यांचे नाव घेणारेही पुष्कळदा विसरतात. पहिली प्रतिक्रिया ही सुरुवात आहे. तिच्यासह मजकुराकडे परत जायचे असते. 'मला असे वाटले' यावर थांबणारे टिपण त्यांच्या हिशेबी अर्धेच.

मारणाऱ्याच्या डोक्यात बसून

मॉरिसन यांच्या कथेत हिंसा पुसट आहे. जेम्स बाल्डविन यांच्या १९६५ च्या 'गोइंग टू मीट द मॅन' या कथेत ती समोर आहे, आणि विद्यार्थ्यांना जास्त बोचते ती तिची जागा. जेसी हा दक्षिणेतल्या गावातला गोरा पोलीस अधिकारी. दिवसा त्याने कोठडीत एका काळ्या आंदोलकाला मारलेले असते आणि रात्री त्याला झोप येत नाही. तेव्हा लहानपणी आईवडिलांबरोबर जत्रेला जावे तसे एका काळ्या माणसाला जमावाने जाळून मारताना बघायला गेल्याचे त्याला आठवते. संपूर्ण कथा जेसीच्या मनातून दिसते. बळी पडलेल्याबद्दल हळहळ वाटणे सोपे असते. इथे वाचकाला त्या मुलाच्या डोळ्यांनी, वडिलांच्या खांद्यावरून बघावे लागते. 'हे मी वाचू का?' असे लिहून थांबणारी टिपणे या कथेवर येतात, आणि तोही प्रतिसादच आहे.

राल्फ एलिसन यांच्या 'इनव्हिजिबल मॅन' (१९५२) या कादंबरीचे पहिले प्रकरण 'बॅटल रॉयल' या नावाने स्वतंत्र कथा म्हणूनही शिकवतात. त्यात हुशार काळ्या मुलाला भाषणासाठी बोलावून आधी डोळे बांधून इतर काळ्या मुलांशी मारामारी करायला लावतात. मग वीजप्रवाह सोडलेल्या गालिच्यावरची नाणी वेचायला लावतात आणि शेवटी शिष्यवृत्ती देतात. गावातली प्रतिष्ठित गोरी मंडळी हे सारे बघत हसत असतात. शिष्यवृत्ती मिळाल्याचा त्या मुलाला खरोखर आनंद होतो, आणि टिपण लिहिणारे बहुतेक तिथेच अडतात.

एका विद्यार्थ्याचे पत्र

विद्यार्थ्याच्या प्रतिसादाचा सर्वात गाजलेला दाखला चिनुआ अचेबे यांनी दिला. फेब्रुवारी १९७५ मध्ये ॲमहर्स्ट येथील मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात त्यांनी कॉनरॅडच्या 'हार्ट ऑफ डार्कनेस' वर व्याख्यान दिले. त्याच्या सुरुवातीला त्यांनी न्यूयॉर्कजवळच्या यॉन्कर्समधील शाळकरी मुलांकडून आलेल्या पत्रांचा उल्लेख केला. मुलांनी त्यांची 'थिंग्ज फॉल अपार्ट' वाचली होती, आणि एकाला आफ्रिकेतल्या एका टोळीच्या चालीरीती व अंधश्रद्धा कळल्याचा विशेष आनंद झाला होता. मुलगा कौतुकच करत होता. अचेबे यांनी मिस्कीलपणे दाखवून दिले की यॉन्कर्समधल्या त्याच्या स्वतःच्या जमातीतही विचित्र चालीरीती काही कमी नसतील, पण त्या त्याला चालीरीती वाटत नाहीत.

उलट्या बाजूचा प्रसंगही आहे. १९६० च्या दशकात शिकागो विद्यापीठात पॉल मोझेस या तरुण कृष्णवर्णीय प्राध्यापकाने 'हकलबरी फिन' पुन्हा शिकवणार नाही असे सांगितले. त्यातले जिमचे चित्रण त्याला अपमानकारक वाटत होते. गोऱ्या सहकाऱ्यांना तेव्हा वाटले की याला अलिप्तपणे वाचता येत नाही. त्यांपैकी वेन बूथ यांनी १९८८ मध्ये 'द कंपनी वी कीप' या ग्रंथाची सुरुवातच या आठवणीने केली आणि आपण त्या वेळी मोझेस यांचे म्हणणे नीट ऐकलेच नाही हे मान्य केले. साहित्यकृतीला नैतिक प्रश्न विचारणे ही वाचनातली चूक नाही, असे त्या ग्रंथाचे प्रतिपादन आहे.

वर्गात हीच गोष्ट रोज लहान प्रमाणात घडते. तीस जणांत एकच काळा विद्यार्थी असेल तर त्याच्या टिपणाकडे 'त्यांची बाजू' म्हणून पाहिले जाते. इतरांनी कथेबद्दल लिहायचे आणि त्याने आपल्या समाजाबद्दल, अशी अलिखित वाटणी होते. बालसाहित्याच्या अभ्यासक रूडीन सिम्स बिशप यांनी १९९० मध्ये पुस्तकांना आरसा, खिडकी आणि सरकते दार म्हटले. काही मुलांना पुस्तकात सतत आरसाच मिळतो आणि काहींना तो कधीच मिळत नाही, यावर त्यांनी बोट ठेवले.

वाद वर्गाबाहेर जातो तेव्हा

१९७६ मध्ये न्यूयॉर्क राज्यातील आयलंड ट्रीज शाळामंडळाने शाळांच्या ग्रंथालयांतून काही पुस्तके काढली. त्यांत रिचर्ड राइट यांचे 'ब्लॅक बॉय' आणि लँगस्टन ह्यूज यांनी संपादित केलेला कृष्णवर्णीय लेखकांच्या कथांचा संग्रह होता. स्टीव्हन पिको आणि इतर विद्यार्थी कोर्टात गेले. १९८२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ असा विद्यार्थ्यांच्या बाजूने कौल दिला, पण पाच न्यायाधीशांचे एकमत असलेले निकालपत्र झाले नाही. त्यामुळे हा प्रश्न आजही पुन्हा पुन्हा उकरला जातो.

मॉरिसन यांच्या 'बिलव्हेड' (१९८७) या कादंबरीत गुलामीतून पळालेली आई मुलीला पुन्हा गुलामीत जाऊ देण्याऐवजी मारते. व्हर्जिनियातील एका पालकाने मुलाला ही कादंबरी वाचून दुःस्वप्ने पडली अशी तक्रार केली. प्रकरण विधिमंडळापर्यंत गेले. लैंगिक वर्णने असलेल्या पुस्तकांची पालकांना पूर्वसूचना द्यावी असे विधेयक मंजूर झाले आणि २०१६ मध्ये राज्यपाल टेरी मॅकऑलिफ यांनी ते नाकारले. २०२१ च्या राज्यपालपदाच्या निवडणुकीत हीच तक्रार प्रचाराच्या जाहिरातीत परत आली. दुःस्वप्न हा वाचनाचा खरा परिणाम असू शकतो हे कोणी नाकारत नाही. त्यावरून पुस्तक काढायचे, आधी सूचना द्यायची, की त्या अस्वस्थतेबद्दलच लिहायला सांगायचे, हा वाद आहे. यांपैकी तिसऱ्या मार्गाला शिक्षकाचा वेळ आणि लहान वर्ग लागतो, म्हणून तो सर्वात कमी वापरला जातो.

मराठी वाचकाला 'रेसिटाटिफ' कशी दिसते?

अमेरिकी कृष्णवर्णीय साहित्य मराठीत अनोळखी नाही. १९७२ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या दलित पँथरने नावच 'ब्लॅक पँथर'वरून घेतले. म. ना. वानखडे यांच्यासारख्या अमेरिकेत शिकून आलेल्या प्राध्यापकांनी दलित लेखनाची सांगड त्या साहित्याशी घातली, आणि जनार्दन वाघमारे यांनी त्यावर मराठीत ग्रंथ लिहिला.

तरीही हेंड्रिक्स, कोंबडीच्या तंगड्या, केसांचा वास या खुणा मराठी विद्यार्थ्याला आपोआप लागत नाहीत. त्याला ट्वायला-रॉबर्टाचा रंग ओळखण्याची तेवढी घाईही नसते. पण त्याच विद्यार्थ्याला आडनाव न सांगता दोन मराठी मुलींची गोष्ट दिली, तर डब्यातली भाजी, 'ण'चा 'न', देव्हाऱ्यातली किंवा भिंतीवरची तसबीर यांवरून तो लगेच जात शोधू लागेल.

बाबूराव बागुल यांची 'जेव्हा मी जात चोरली होती' (संग्रह १९६३) ही कथा मॉरिसन यांच्या कथेशेजारी ठेवून वाचण्यासारखी आहे. रेल्वेच्या नोकरीसाठी गुजरातेत गेलेला तरुण आपली जात सांगत नाही. घर मिळते, मान मिळतो, आणि जात उघड झाल्यावर त्याच घरात मार मिळतो. फरक असा की बागुलांच्या कथेत जात वाचकाला माहीत असते आणि भोवतालच्या पात्रांना नसते. 'रेसिटाटिफ'मध्ये सगळी पात्रे एकमेकींचा रंग जाणून असतात, आणि अंधारात असतो तो फक्त वाचक.